उस्तादाचा कान आणि पिकअपचा संगणक

साखरखेर्डा हे नाव इतिहासाच्या पुस्तकांत एका दिवसापुरते येते. ११ ऑक्टोबर १७२४ रोजी इथे निजाम-उल-मुल्क आणि हैदराबादचा सुभेदार मुबारिज खान यांच्यात लढाई झाली. मुबारिज खान मारला गेला. निजामाने गावाचे नाव ‘फतेहखेर्डा’ ठेवले आणि दख्खनमध्ये आसफजाही सत्तेचा पाया पडला. दुसऱ्या वर्षी बादशहा मुहंमद शाहने निजामाला ‘आसफजाह’ हा किताब दिला. तिथून १९४८पर्यंत चाललेल्या एका राज्याची सुरुवात बुलढाणा जिल्ह्यातल्या या गावात झाली. २०२४ साली त्या लढाईला ३०० वर्षे झाली.

आपल्याकडे गावाचा इतिहास लिहायचा म्हटले की लढाई, किल्ला, दर्गा, मठ आणि देशमुखांचा वाडा एवढ्यावर काम भागते. ज्या फौजा इथे येऊन लढल्या त्यांच्यासोबत नालबंद, लोहार, सुतार, तोफेचा गाडा दुरुस्त करणारे कारागीर असणारच. त्यांच्याशिवाय फौज एक मुक्कामही पुढे सरकत नाही. पण त्यांची नावे कुठल्या बखरीत नाहीत. त्या कारागिरांचे आजचे वारस कोण, असे कुणी विचारले तर मी बसस्टँडजवळच्या, मेहकर आणि चिखली रस्त्यावरच्या गॅरेजांकडे बोट दाखवीन. तेलाने काळा झालेला ओटा, टायरवर बसलेला हेल्पर, जॅकवर चढवलेली पिकअप आणि तिच्याखाली आडवा झालेला मिस्त्री. विदर्भ-मराठवाड्याच्या सीमेवरच्या कुठल्याही गावात जा, हा मिस्त्री बऱ्याचदा मुसलमान असतो आणि गाव त्याला ‘उस्ताद’ म्हणते.

हा लेख त्या उस्तादाच्या धंद्याबद्दल आहे. नेमके सांगायचे तर एका कामाबद्दल आहे. जुन्या पिकअपला संगणकावर चालणारे इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स बसवणे. वरवर पाहता हा गॅरेजचा विषय आहे. पण त्यात ७५-८० वर्षांचा इतिहास दडला आहे, आणि आपल्या समाजातल्या हजारो घरांच्या भाकरीचा प्रश्नही.

महिंद्रा अँड मोहंमद

आपल्या रस्त्यांवरच्या पिकअपचे मूळ शोधत मागे गेलो की आपण १९४५ सालच्या लुधियानात पोहोचतो. २ ऑक्टोबर १९४५ रोजी जे. सी. महिंद्रा, के. सी. महिंद्रा हे दोघे भाऊ आणि मलिक गुलाम मुहंमद यांनी पोलादाचा व्यापार करणारी कंपनी काढली. नाव होते ‘महिंद्रा अँड मोहंमद’. गुलाम मुहंमद लाहोरचे, अलिगढला शिकलेले, हिशेबतपासणीच्या सरकारी नोकरीतले नावाजलेले अधिकारी. फाळणी झाली आणि ते पाकिस्तानात गेले. तिथे पहिले अर्थमंत्री झाले, १९५१ ते १९५५ गव्हर्नर जनरल राहिले. इकडे १९४८ साली कंपनीच्या नावातला ‘मोहंमद’ गेला आणि ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ हे नाव आले. कंपनीच्या ‘एम अँड एम’ या आद्याक्षरांत मात्र काहीच बदलावे लागले नाही.

फाळणीच्या इतिहासात ही बाब तळटीपेसारखी सांगितली जाते. मला ती महत्त्वाची वाटते. कारखान्याच्या मालकीतून एक मुसलमान नाव गेले, पण त्या कारखान्यातून निघालेल्या गाड्यांखाली पुढची ७० वर्षे जे हात काम करत राहिले त्यांत मुसलमान हात फार मोठ्या संख्येने होते. वरचे नाव बदलले, खालचे हात राहिले.

के. सी. महिंद्रा युद्धकाळात अमेरिकेत होते. तिथे त्यांनी जीप पाहिली. १९४७ साली विलीज कंपनीच्या सुट्या भागांतून मुंबईत जीप जोडण्याचे काम सुरू झाले. या जीपचे पेट्रोल इंजिन २.२ लिटरचे, ताकद ६० हॉर्सपॉवरची, आणि गिअर तीन. युद्धासाठी बनवलेले हे यंत्र होते. चिखलातून चालावे, पाण्यातून निघावे आणि बिघडले तर सैनिकाने दोन पान्यांनी दुरुस्त करावे, हाच त्याच्या रचनेमागचा विचार होता. हे शेवटचे वाक्य लक्षात ठेवा. पुढच्या सगळ्या कथेची किल्ली त्यात आहे.

पहिला बदल : पेट्रोल काढा, डिझेल बसवा

१९७३ आणि १९७९ साली जगभर तेलाचे भाव भडकले. पेट्रोलवर चालणारी जीप खेड्यातल्या माणसाला परवडेना. डिझेल स्वस्त होते. मग आपल्या मिस्त्रींनी एक उद्योग सुरू केला. पुण्याच्या आकुर्डीत बनणाऱ्या बजाज टेम्पोच्या मॅटॅडोरचे डिझेल इंजिन काढायचे आणि जीपमध्ये बसवायचे. ना नकाशा, ना पुस्तक. इंजिनाचे पाय कुठे येतात ते मापायचे, लेथवर पट्ट्या कापून घ्यायच्या, वेल्डिंग मारायचे, क्लचचे घर गिअर बॉक्सला जुळत नसेल तर मध्ये जाड पत्र्याची प्लेट बनवून टाकायची. अशा जीप काळी-पिवळी होऊन वऱ्हाडात आणि मराठवाड्यात अनेक वर्षे माणसे वाहत होत्या.

कंपनीही त्याच वाटेने गेली. १९७९ साली तिने फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून डिझेल इंजिन बनवण्याचा परवाना घेतला. २११२ सीसीचे ते ‘एक्सडीपी’ इंजिन. त्याला जोडून पुढे ‘केएमटी-९०’ हा चार गिअरचा बॉक्स आला, ज्याचे तंत्र कोरियाच्या किआ कंपनीचे होते. दुसरीकडे ट्रॅक्टरचे घराणे होते. १९६३ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनीत महिंद्राची भागीदारी होती आणि १९७७ साली ती कंपनी महिंद्रात विलीन झाली. आपल्या शेतकऱ्याला ‘इंटरनॅशनल’ म्हणून ठाऊक असलेला बी-२७५ ट्रॅक्टर तो हाच. त्याच्या इंजिनाच्या घराण्यातून जीपची ‘डीआय’ इंजिने आली. बोलेरो पिकअपच्या २५२३ सीसी इंजिनाची वंशावळही तिथपर्यंत जाते. म्हणजे आपली पिकअप अमेरिकन जीपचे हाड, ट्रॅक्टरचे काळीज, आणि फ्रान्स-कोरियाच्या उसनवारीवर उभी राहिली. शुद्ध वंशाच्या गप्पा मारणाऱ्यांनी कधी तरी बोनेट उघडून पाहावे.

कानाने चालणारी विद्या

या जुन्या डिझेल इंजिनात वीज जवळपास नव्हतीच. स्टार्टर फिरवला आणि इंजिन सुरू झाले की बॅटरी काढून घेतली तरी गाडी चालत राही. इंजिनाचा सगळा कारभार डिझेल पंपाकडे. किती डिझेल, कोणत्या क्षणी, कोणत्या सिलिंडरला, हे पंपातल्या स्प्रिंगा, वजने आणि कॅम ठरवत. १९५१ साली बंगळुरूत स्थापन झालेल्या ‘मायको’ने, म्हणजे आजच्या बॉशने, हे पंप देशभर पोहोचवले. नोझल नाशिकला बनू लागले. गावोगावी ‘पंपवाला’ नावाचा वेगळा कारागीर तयार झाला.

उस्तादाची परीक्षा इथे असे. इंजिन चालू करून तो एकेका नोझलचा नट ढिला करायचा. ज्याला ढिला केल्यावर इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर मेलेला. टायमिंग पुढे असेल तर इंजिन ‘टक-टक’ करते, मागे असेल तर धूर पांढरा येतो आणि गाडी चढाला मार खाते. पंपाचे तीन नट ढिले करायचे, पंप केसभर फिरवायचा, कान लावायचा, नट कसायचे. कुठलाही आकडा नाही, कुठलाही पडदा नाही. “बेटा, इंजन बोलता है, सुनना सीख,” एवढाच अभ्यासक्रम.

ही उस्ताद-शागिर्द पद्धत आपल्याकडे विणकामातून, बिदरीकामातून, संगीतातून, छापखान्यातून गॅरेजमध्ये आली. १०-१२ वर्षांचा पोरगा ‘छोटू’ म्हणून यायचा. दोन वर्षे पाने पुसायचा आणि चहा आणायचा. मग चाक खोलायचा, मग ब्रेक, मग क्लच प्लेट. इंजिनाला हात लावायला सात-आठ वर्षे जायची. या पद्धतीचे गोडवे गाताना तिची दुसरी बाजू विसरता येत नाही. त्या पोराची शाळा गेली. त्याला पगार म्हणून खर्चापुरते पैसे मिळाले. उस्तादाने मनात आणले तर विद्या दिली, नाही आणले तर नाही दिली. कितीतरी उस्ताद पंपाचे शेवटचे सेटिंग शागिर्दाला पाणी आणायला पाठवून करत. लिहून ठेवायची चालच नव्हती. ती विद्या माणसाबरोबर कबरीत गेली.

इंजिनाला मेंदू आला

जगात हा बदल आधी पेट्रोल गाड्यांत झाला. १९७०च्या दशकात अमेरिकेत धुराबाबतचे कायदे कडक झाले आणि स्प्रिंगांनी ते पाळणे जमेना. १९७९ साली बॉशने इंधन आणि ठिणगी दोन्ही एकाच संगणकावरून चालवणारी यंत्रणा बीएमडब्ल्यू गाडीत आणली. डिझेलमधली खरी क्रांती ‘कॉमन रेल’ची. इटलीच्या फिआटने ते तंत्र विकसित केले, १९९४मध्ये बॉशला विकले आणि १९९७ साली अल्फा रोमिओ १५६ या मोटारीत ते पहिल्यांदा बाजारात आले. जुन्या नोझलला उघडायला साधारण १५० ते २०० बारचा दाब लागे. कॉमन रेलने सुरुवातच १३५० बारने केली. पंपाचे काम आता फक्त दाब तयार करणे एवढेच उरले. डिझेल केव्हा आणि किती सोडायचे ते संगणक ठरवू लागला, आणि तेही एका फेऱ्यात दोन-तीन वेळा थोडे थोडे करून.

भारतात हा बदल कायद्याने आला. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीपुरते युरो मानांकन लागू करायला लावले. २००१ साली डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिच्या अहवालावरून २००३ साली देशाचे वाहन-इंधन धोरण ठरले. बीएस-३ हे मानांकन २०१०मध्ये देशभर आले, बीएस-४ १ एप्रिल २०१७पासून आणि बीएस-६ १ एप्रिल २०२०पासून. डिझेलमधले गंधक ३५० वरून ५० आणि तिथून १० पीपीएमवर आले. २९ मार्च २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिलनंतर बीएस-३ गाड्या विकायला मनाई केली, तेव्हा शोरूममध्ये दोन दिवस जत्रा भरली होती, हे अनेकांना आठवत असेल.

या तारखा मिस्त्रीच्या आयुष्यातल्या तारखा आहेत, हे फार कमी लोकांच्या लक्षात येते. प्रत्येक मानांकनासोबत त्याच्या हातातले एकेक काम निघून गेले. हवा स्वच्छ व्हायलाच हवी, त्याला कुणाचाच विरोध नाही. सगळ्यात जास्त धूर तर तोच फुफ्फुसात घेतो. पण गाडी बदलली तेव्हा ती दुरुस्त करणाऱ्याला शिकवायची जबाबदारी कुणी घेतली? धोरण इंधनाचे झाले, गाडीचे झाले, तेलशुद्धी कारखान्यांचे झाले. गॅरेजवाल्याचे धोरण कुणी केले नाही.

बसवायचे म्हणजे काय काय

आता मूळ कामाकडे येतो. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका भाजी-सोयाबीन वाहणाऱ्या माणसाने नव्वदच्या दशकातल्या आपल्या चार गिअरच्या पिकअपला कॉमन रेल इंजिन टाकायचे ठरवले. गाडीचे कागद जिवंत होते, चेसिस ठणठणीत होता, नवीन गाडीचे हप्ते झेपणारे नव्हते. अपघातात गेलेल्या एका गाडीचे इंजिन आणि बॉक्स भंगारातून मिळाले. काम एका जुन्या, जाणत्या उस्तादाकडे आले. मी ते काम जवळून पाहिले.

लोखंडाचे काम उस्तादाने चार दिवसांत उरकले. इंजिनाचे माउंटिंग बदलले. जुना बॉक्सच ठेवावा, असा मालकाचा आग्रह होता, खर्च वाचला असता. उस्तादाने कारणे सांगितली. क्लच प्लेटच्या मधल्या दात्यांची संख्या जुन्या बॉक्सच्या शाफ्टला जुळत नाही. नव्या इंजिनाची ओढ खालच्याच आरपीएमला जास्त, ती जुन्या बॉक्सच्या बेअरिंगना झेपणार नाही. आणि चौथ्या गिअरला इंजिन रस्त्यावर उगाच ओरडत राहील, डिझेल वाचायचे तर पाचवा गिअर हवाच. मग पाच गिअरचा बॉक्स चढला. तो लांबीला वेगळा, म्हणून प्रोपेलर शाफ्ट कापून पुन्हा जोडला, लेथवाल्याकडून बॅलन्स करून घेतला. बॉक्सखालचा आडवा पट्टा मागे सरकवला. डिझेलचा फिल्टर बदलला, कारण कॉमन रेलच्या नोझलला पाण्याचा थेंब आणि धुळीचा कणही चालत नाही. इथपर्यंत ४० वर्षांची विद्या पुरली.

पुढे वायरिंग आले. जुन्या गाडीत ॲक्सिलरेटरची तार थेट पंपाला जायची. नव्यात पेडलखाली सेन्सर असतो आणि तो संगणकाला फक्त कळवतो की पाय किती दाबला. क्रँकचा सेन्सर, कॅमचा सेन्सर, रेलमधल्या दाबाचा सेन्सर, हवेचा, पाण्याच्या तापमानाचा. या सगळ्यांच्या तारा एका डबीत जातात. तिला गॅरेजमध्ये ‘ईसीएम’ म्हणतात. उस्तादाने भंगारातल्या गाडीचे वायरिंग तोडू न देता अख्खे काढून आणले होते, हा त्याचा शहाणपणा. किल्ली फिरवली, इंजिन सुरूही झाले. पण ठरावीक आरपीएमच्या वर जाईना आणि डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा विझेना.

उस्तादाने कान लावला. इंजिनाचा आवाज साफ होता. कानाला दोष सापडत नव्हता, कारण दोष लोखंडात नव्हताच.

जालन्याहून एक तरुण स्कॅनर घेऊन आला. स्टेअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला त्याने वायर जोडली. दोन गोष्टी निघाल्या. भंगारातून आणलेल्या इंजिनाचे दोन नोझल कुणीतरी आधीच बदललेले होते. प्रत्येक नोझलवर कारखान्याचा एक संकेतांक कोरलेला असतो, तो संगणकात भरावा लागतो, नाहीतर संगणक डिझेलची मात्रा चुकीची मोजतो. दुसरे म्हणजे, जुन्या गाडीचा स्पीडोमीटर केबलवर चालायचा, तर नव्या इंजिनाच्या संगणकाला गाडीच्या वेगाचा विजेचा संकेत हवा होता. बॉक्सवर सेन्सर होता, पण त्याची जोडणी अर्धवट राहिली होती. गाडी चालते की उभी, हेच संगणकाला कळत नव्हते, म्हणून त्याने सावधगिरीने इंजिनाची ताकद बांधून ठेवली होती. तरुणाने अर्ध्या तासात दोन्ही गोष्टी केल्या आणि पैसे घेऊन निघून गेला. त्याने मागितलेले पैसे उस्तादाच्या कितीतरी दिवसांच्या मजुरीएवढे होते.

उस्तादाने तक्रार केली नाही. सेन्सरची जोडणी स्वतः पुन्हा तपासली आणि दुसऱ्या दिवशी आपल्या शागिर्दाला विचारले, “ते यंत्र कितीला येतं?” आमच्या भागातल्या तंत्राच्या इतिहासात मला हा प्रश्न मोलाचा वाटतो.

कायदा काय म्हणतो

इथे वाचकांना सावध करणे भाग आहे. मोटार वाहन कायदा १९८८चे कलम ५२ सांगते की, कंपनीने मूळ ठरवलेल्या आणि नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या तपशिलांपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने के. जया चंद्रा खटल्यात हे आणखी ठामपणे सांगितले. त्यामुळे मूळ बनावटीचेच, त्याच प्रकारचे इंजिन टाकणे आणि त्याचा क्रमांक आरटीओकडे रीतसर चढवणे वेगळे, आणि हाताला लागेल ते इंजिन टाकून गप्प बसणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात पासिंगला गाडी अडते आणि अपघात झाला तर विमा कंपनी बोट ठेवते. भंगारातल्या इंजिनाचे कागद मागून घ्या, चोरीच्या गाडीचे निघाले तर मिस्त्रीही गोत्यात येतो. आणि अशा वेळी नावावरून संशय घ्यायची सवय ज्या यंत्रणेला आहे, तिथे आपल्या पोरांनी पावती जपून ठेवणे अधिकच गरजेचे आहे. काम हातात घेण्याआधी आरटीओत विचारा, नंतर नव्हे.

मॅटॅडोरचे इंजिन जीपमध्ये बसवणाऱ्या पिढीचा जुगाड आज चालणार नाही. तो काळ गेला. जुगाडाचे कौतुक पुरे झाले, आता ज्ञान हवे.

ज्ञानाची मालकी कुणाची?

पण ज्ञान बाजारात मिळते का? २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून २५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. त्यांत देशी-विदेशी बहुतेक सगळी मोठी नावे होती. ठपका असा होता की, या कंपन्या सुटे भाग, दुरुस्तीची पुस्तके आणि तपासणीची यंत्रे बाहेरच्या गॅरेजला मिळू देत नाहीत आणि त्यामुळे ग्राहकाला त्यांच्याच वर्कशॉपमध्ये जावे लागते. प्रकरण पुढे अपिलांत गेले आणि गुंतले. पण आयोगाने मांडलेला मुद्दा तसाच आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या मतदारांनी २०१२ साली मतदान करून हा हक्क मिळवला होता. कंपनीच्या वर्कशॉपला जी माहिती मिळते, ती बाहेरच्या मिस्त्रीलाही वाजवी किमतीत मिळाली पाहिजे. आपल्याकडे २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्याचे पोर्टल सुरू केले. वाहने आणि शेतीची यंत्रे दोन्ही त्यात आहेत. हा विषय सरळ आपल्या गल्लीतला आहे, पण त्यावर आपल्या एकाही जलशात, इज्तेमात किंवा संघटनेच्या ठरावात चर्चा झालेली मी ऐकली नाही.

नोव्हेंबर २००६मध्ये संसदेत मांडलेल्या सच्चर समितीच्या अहवालात मुसलमानांचे पोट कशावर चालते ते स्पष्ट लिहिले आहे. पगाराच्या नोकऱ्यांत आपण मागे, स्वतःच्या छोट्या धंद्यात पुढे. वाहनदुरुस्ती, वाहतूक, शिवणकाम, बिडी, विणकाम ही आपली ठिकाणे. म्हणजे गाडीतला संगणक ज्याला कळत नाही त्याचा धंदा जाणार असेल, तर त्याची झळ आपल्या मोहल्ल्याला सर्वांत आधी लागणार. आरक्षणावर बोलावे, सुरक्षेवर बोलावे, पण यावरही बोलायला हवे.

अल-जझारीचे नाव घेणाऱ्यांसाठी

आपल्याकडे आणखी एक सवय आहे. यंत्राचा विषय निघाला की कुणीतरी उठून सांगतो, क्रँकशाफ्टचा शोध मुसलमानांनी लावला. १२०६ साली दियारबकरच्या अल-जझारीने यंत्रांवरचा आपला ग्रंथ पूर्ण केला. त्यातल्या पाणी उपसण्याच्या पंपात गोल गतीचे सरळ गतीत रूपांतर करणारी क्रँकची रचना आहे, हे खरे. पिना बदलल्या की वादन बदलणारे त्याचे वादकांचे यंत्र होते, हेही खरे. संगणकाच्या कार्यपद्धतीला ज्याच्या नावावरून ‘अल्गोरिदम’ म्हणतात तो अल-ख्वारिझ्मी नवव्या शतकात बगदादमध्ये बसून लिहीत होता, हेही खरे.

पण अल-जझारीचे मोठेपण कशात होते? त्याने आपली यंत्रे माप, साहित्य, जोडणीचा क्रम आणि आकृत्या देऊन लिहून ठेवली. वाचणाऱ्याला ती बनवता यावीत एवढ्या तपशिलाने लिहिली. शेवटचे सेटिंग करताना त्याने वाचकाला पाणी आणायला पाठवले नाही. आपण त्याचा अभिमान घेतला आणि त्याची रीत टाकली. पिवळा दिवा लागलेल्या पिकअपपुढे उभे राहून अल-जझारीचे नाव घेतल्याने दिवा विझत नाही. आठ शतकांपूर्वीच्या त्या माणसाला आदर द्यायचा असेल, तर प्रत्येक गॅरेजमध्ये एक वही हवी. कोणती गाडी, कोणता दोष, कोणता कोड, काय केले, काय चुकले. ‘पी०३३५’ म्हणजे क्रँकच्या सेन्सरची तार पाहा, ‘पी००८७’ म्हणजे रेलचा दाब कमी, आधी फिल्टर पाहा, मग पंप. हे मराठीत आणि उर्दूत लिहिले गेले पाहिजे. दोन-तीन वर्षांत अशा वहीचे पुस्तक होते.

दुसरे, आयटीआय. ‘मेकॅनिक डिझेल’ आणि ‘मेकॅनिक मोटर व्हेईकल’ हे अभ्यासक्रम सरकारी आयटीआयमध्ये आहेत. उस्तादाकडे हात तयार होतो, आयटीआयमध्ये कागद आणि विजेचे मूळ धडे मिळतात. मल्टीमीटर धरता न येणारा मिस्त्री यापुढे मिस्त्री राहणार नाही. दोन्ही करा. सकाळी आयटीआय, संध्याकाळी गॅरेज. पोराला दहावीच्या आधी शाळेतून काढू नका, मग गॅरेज कितीही चांगले चालत असो. स्कॅनरचा पडदा वाचायला अक्षर लागते.

तिसरे, चांगला स्कॅनर एकट्या गॅरेजला महाग पडतो. पाच गॅरेजनी मिळून एक घ्यावा. जकात आणि सदक्याच्या पैशातून आपण शिलाई मशीन देतो, हातगाडी देतो. एखाद्या गरजू, होतकरू पोराला तपासणीचे यंत्र आणि प्रशिक्षणाची फी देणे हे त्याच वाटेवरचे काम आहे. जाणत्या आलिमांशी बोलून, ज्याला द्यायचे त्याची पात्रता पाहून हे करता येईल.

समृद्धी महामार्ग आता आपल्या जिल्ह्यातून, मेहकर आणि सिंदखेडराजावरून जातो. त्यावरून धावणारी प्रत्येक नवी गाडी चाकांवरचा संगणक आहे. उद्या विजेवरच्या पिकअप येतील तेव्हा इंजिन आणि गिअर बॉक्स दोन्ही नसतील, उरेल तो संगणकच. आमच्या त्या उस्तादाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर शागिर्दाने शोधले. त्याने आधी मोबाइलला जोडायचे एक साधे यंत्र घेतले, कोड वाचायला शिकला. उस्तादाचा कान अजून तोच आहे. बेअरिंगचा आवाज, टर्बोची शिट्टी, क्लचची घसरण आजही स्कॅनरच्या आधी त्याला कळते. पोरगा कोड वाचतो, उस्ताद ऐकतो आणि दोघे मिळून दोष पकडतात. साखरखेर्ड्याच्या पंचक्रोशीत अशी जोडी प्रत्येक गॅरेजमध्ये व्हावी, आणि या वेळी कुणीतरी त्यांची नावे लिहून ठेवावीत.